ट्यून केलेल्या टर्बो गाडीला कोणतं इंजिन ऑइल घालावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंग बदलून ताकद वाढवून) आणली की पहिल्या सर्व्हिसला ऑइलचा प्रश्न हमखास निघतो. मेकॅनिक एक सांगतो, ट्यूनर दुसरंच सांगतो आणि ऑइलच्या दुकानात तिसराच डबा पुढे येतो. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रामुख्याने आपल्याकडच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांसाठी आहेत. डिझेलवाल्यांनी प्रश्न १४ आधी वाचावा.

१. स्टेज वन (पहिल्या पातळीचं) रिमॅप केलं. आता ऑइलचा ग्रेड बदलायलाच हवा का?

बदलायलाच हवा असं नाही. रिमॅपमध्ये बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, एग्झॉस्ट जास्त तापतो आणि इंधनही जास्त जातं. ऑइलच्या वाट्याला यातून तीन गोष्टी येतात: कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर जास्त भार, टर्बोच्या बेअरिंगपाशी जास्त उष्णता आणि पिस्टन रिंगमधून खाली झिरपणारं जास्त पेट्रोल. कंपनीने सांगितलेलं ऑइल मुळातच हे झेलण्याइतकं मजबूत असेल, तर ग्रेड तोच ठेवून फक्त लवकर बदलायचं. कित्येक युरोपियन गाड्यांच्या बाबतीत हेच खरं आहे. कंपनीने मायलेजसाठी पातळ ऑइल सांगितलेलं असेल, तर मात्र विचार करायला हवा (प्रश्न ७).

२. ५डब्ल्यू-३० मधल्या दोन आकड्यांचा अर्थ काय?

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर हिवाळ्यात दवबिंदू गोठले तरी आपण या तापमानांच्या जवळपासही जात नाही. तरीही टर्बो गाडीला ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच घ्यावं. सकाळी स्टार्टर मारल्यावर टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल जितक्या लवकर पोहोचेल तितकं बरं.

दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती जाड आहे ते सांगतो. २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (जाडीचं एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. हे पट्टे रुंद आहेत. १२.३ असलेलं ‘३०’ आणि १२.८ असलेलं ‘४०’ यांच्यात इंजिनाला फारसा फरक जाणवणार नाही, पण डब्यावरचे आकडे वेगळे दिसतील.

३. हे एचटीएचएस काय प्रकरण आहे?

ऑइल निवडताना एकच आकडा बघायचा झाला तर हा बघा. ऑइलची १५० अंशांना, प्रचंड वेगाने घासलं जात असतानाची जाडी म्हणजे एचटीएचएस. क्रँकच्या बेअरिंगमध्ये आणि पिस्टन रिंगपाशी ऑइलची हीच अवस्था असते. १०० अंशांचा साधा आकडा ही अवस्था दाखवत नाही, कारण मल्टिग्रेड ऑइलमध्ये जाडी टिकवणारे पॉलिमर असतात आणि बेअरिंगच्या फटीत ते काही काळ आडवे होतात. फटीतलं ऑइल त्या क्षणी कागदावरच्या आकड्यापेक्षा पातळ असतं.

मानकानुसार २० ग्रेडला एचटीएचएस किमान २.६ लागतो, ३० ला २.९, तर ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. म्हणजे फक्त ‘५डब्ल्यू-३०’ एवढंच लिहिलेल्या डब्यातलं ऑइल २.९ चं असू शकतं किंवा ३.५ चंही. ट्यून केलेल्या गाडीसाठी माझा सरळ आग्रह असा, की इंजिनाच्या कंपनीने मनाई केलेली नसेल तर ३.५ च्या खाली जाऊ नका. हा आकडा डब्यावर सहसा छापत नाहीत. ऑइल कंपनीच्या वेबसाइटवरच्या तांत्रिक पत्रकात बघा. तिथे नसेल तर मंजुरीवरून काढता येतो, तो कसा ते पुढच्या उत्तरात आहे.

४. डब्याच्या मागे एवढं बारीक काय काय लिहिलेलं असतं? त्यातलं वाचायचं काय?

मंजुरी वाचायची. पुढे ‘रेसिंग’, ‘टर्बो’, ‘अल्ट्रा’ असं काहीही छापता येतं. मागच्या बारीक अक्षरांत गाडी कंपन्यांच्या आणि मानक संस्थांच्या मंजुऱ्या असतात आणि खरी माहिती तिथेच आहे.

फोक्सवॅगन-स्कोडासाठी ‘व्हीडब्ल्यू ५०२ ००’ आणि ‘व्हीडब्ल्यू ५०४ ००’ या दोन्ही मंजुऱ्यांत एचटीएचएस ३.५ च्या वर असावाच लागतो. ‘५०८ ००’ हे मात्र पातळ, ०डब्ल्यू-२० चं ऑइल आहे आणि तिथे हा आकडा २.६ पर्यंत खाली येतो. बीएमडब्ल्यूचं ‘लाँगलाइफ-०१’ आणि ‘०४’, मर्सिडीजचं ‘२२९.५’ आणि पोर्शेचं ‘ए४०’ ही सगळी ३.५ च्या वरची मंडळी. युरोपियन एसीईए मानकात ‘ए३/बी४’ आणि ‘सी३’ म्हणजे ३.५ च्या वर, तर ‘ए५/बी५’ आणि ‘सी२’ ची सुरुवात २.९ पासून होते.

याशिवाय अमेरिकन एपीआय मानक असतं. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो-पेट्रोल गाडीला त्यात ‘एसपी’ किंवा त्यापुढचं हवं. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

शब्दांकडेही नीट लक्ष द्या. ‘मंजूर’ लिहिलेलं असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून यादीत घेतलेलं असतं. ‘शिफारस’ किंवा ‘अमुक गरजा पूर्ण करते’ असं असेल तर तो ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो. ट्यून केलेल्या गाडीत दाव्यावर विसंबू नये.

५. मग सरळ सांगा, ५डब्ल्यू-३० घालू की ५डब्ल्यू-४०?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाने धरलेला असतो. ‘व्हीडब्ल्यू ५०४ ००’ मंजुरीचं ५डब्ल्यू-३० आणि ‘५०२ ००’ मंजुरीचं ५डब्ल्यू-४० यांचा एचटीएचएस जवळपास सारखा असतो, दोन्हीकडे ३.५ च्या वर. बेअरिंगमध्ये दोन्ही सारखंच संरक्षण देतात. याउलट मायलेजसाठी बनवलेलं ‘ए५/बी५’चं ५डब्ल्यू-३० आणि ‘५०४’चं ५डब्ल्यू-३० यांचे आकडे जुळतात, पण दोन्ही ऑइलं वेगळ्या कामाची आहेत. म्हणून आधी मंजुरी ठरवायची, ग्रेड त्यानंतर.

मॅन्युअलमध्ये दोन्ही ग्रेडना परवानगी असेल तर मी असं ठरवतो. रोजचं ऑफिस, शनिवार-रविवारी एखादा घाट, ऑइलचं तापमान ११० च्या आत, असा वापर असेल तर ३.५ वालं ५डब्ल्यू-३० पुरेसं आहे. सततचं वेगवान हायवे ड्रायव्हिंग, घाटात जोरात चालवणं, स्टेज टू किंवा त्यापुढचं ट्यून, किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, असं असेल तर ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० घ्या. ४० ग्रेडचा खरा फायदा असा की पेट्रोल मिसळून ऑइल थोडं पातळ झालं तरी उतरून ते ३० च्या पट्ट्यात येतं. ३० ग्रेडचं ऑइल तेवढंच पातळ झालं तर २० च्या पट्ट्यात घसरतं.

ऑइल जितकं जाड तितकं चांगलं, हे मात्र खरं नाही. जाड ऑइल पंपातून आणि बारीक वाटांतून सावकाश फिरतं, जास्त घर्षणाने स्वतःच तापतं आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या झडपांची हालचालही मंद करू शकतं. ऑइल प्रेशरचा काटा वर दिसला म्हणजे बेअरिंगला ऑइल जास्त मिळतंय, असंही नसतं.

६. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. तिकडे जाड ऑइल हवं ना?

बाहेरच्या उन्हाचा ऑइलच्या तापमानावर आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी परिणाम होतो. बहुतेक टर्बो गाड्यांत ऑइल कूलर कूलंटवर चालतो आणि कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. रेडिएटर स्वच्छ, कूलंट योग्य आणि पंखा ठीक असेल, तर मे महिन्यात वर्ध्याला आणि डिसेंबरात नाशिकला शांतपणे चालणाऱ्या त्याच गाडीच्या ऑइलच्या तापमानात काही अंशांचाच फरक पडतो. खरा फरक पाडतो भार. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची वेगमर्यादा आहे आणि अंतर ७०१ किलोमीटर. भर दुपारी, भरलेल्या गाडीत, एसी लावून तासन् तास तो वेग धरणं हा भारच आहे. अशा प्रवासात काय आकडा दिसतो ते बघा आणि प्रश्न ८ प्रमाणे ठरवा. केवळ विदर्भात राहता म्हणून ग्रेड वाढवू नका.

७. माझ्या गाडीला कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलंय. रिमॅपनंतर तेच ठेवू?

इथे घाई नको. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात ऑइल पंप, बेअरिंगच्या फटी आणि टायमिंगची यंत्रणा त्या पातळपणाला धरून आखलेली असते. पातळ ऑइलचं एक मोठं कारण मायलेज आणि प्रदूषणाचे नियम हेही आहे. टोयोटाच्या कित्येक मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, की सतत जास्त वेग किंवा जास्त भार असेल तर अधिक जाडीचं ऑइल योग्य ठरू शकतं.

म्हणून आधी स्वतःच्या मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेड दिलाय का ते बघा. दिला असेल तर ट्यून केलेल्या गाडीत तो नक्की वापरा, एक पायरी वर, म्हणजे ०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३०. दिला नसेल तर ०डब्ल्यू-२० च ठेवून बदलण्याचं अंतर निम्मं करा, आणि ट्यूनरला विचारा की याच इंजिनाच्या त्याने ट्यून केलेल्या इतर गाड्यांत कोणतं ऑइल चालतंय. उत्तरात नेमकी मंजुरी आली पाहिजे. ‘भारीवालं घाल’ हे उत्तर होत नाही. ०डब्ल्यू-२० वरून थेट ५डब्ल्यू-५० वर उडी मारू नये.

८. ऑइलचं तापमान कुठे दिसतं आणि किती असावं?

फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत मीटरच्या पडद्यावर ते दिसतं. सकाळी गाडी काढली की आधी नुसत्या रेघा असतात, ५० अंश ओलांडल्यावर आकडा उमटतो. ज्यांच्या मीटरमध्ये ही सोय नाही त्यांना काही गाड्यांत ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) मिळतं. तिथेही नसेल तर वेगळा गेज बसवून घ्यावा. ट्यूनवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने हा खर्च टाळू नये. कूलंटचा काटा याला पर्याय नाही. कूलंट ९० ला स्थिर असताना ऑइल १२५ वर गेलेलं असू शकतं.

९० ते ११० म्हणजे उत्तम. आंबोली किंवा ताम्हिणी जोरात चढताना ११५-१२० दिसलं आणि वर आल्यावर उतरलं तर काळजी नाही. १२५-१३० च्या वर टिकून राहत असेल तर आधी थंडाव्याचा बंदोबस्त करा, ग्रेडचं नंतर बघू. गणित असं आहे: १०० अंशांना १४ सेंटिस्टोक असलेलं ठरावीक ५डब्ल्यू-४० १३० अंशांना ८ च्या आसपास उतरतं. १०० ला १२ असलेलं ५डब्ल्यू-३० ११० अंशांना १० च्या जवळ असतं. म्हणजे थंड ठेवलेलं ‘३०’ हे तापलेल्या ‘४०’ पेक्षा जाड असतं. चांगला ऑइल कूलर ग्रेड बदलण्यापेक्षा जास्त देऊन जातो.

याची दुसरी बाजू म्हणजे ऑइल ८० च्या वर जाईपर्यंत पूर्ण थ्रॉटल नको. कूलंट पाच मिनिटांत तापतो, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो.

९. एलएसपीआय काय असतं? ऑइलचा त्याच्याशी काय संबंध?

कमी आरपीएमला, साधारण १५०० ते २५०० च्या दरम्यान, पूर्ण भार दिला की स्पार्कच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेटू शकतं. यालाच एलएसपीआय म्हणतात. हा धक्का साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी मोठा असतो. पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटण्यापर्यंत मजल जाते. थेट इंजेक्शनच्या टर्बो-पेट्रोल इंजिनांत हे होतं, आणि रिमॅपने नेमका याच पट्ट्यातला टॉर्क वाढवलेला असतो.

ऑइलचे थेंब आणि पेट्रोल यांचं मिश्रण यात भाग घेतं. ऑइल स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर ही शक्यता वाढते. मॅग्नेशियमवर आधारित रसायनांनी ती वाढत नाही. म्हणून २०१८ मध्ये एपीआयने ‘एसएन प्लस’ आणलं आणि २०२० मध्ये ‘एसपी’. दोन्हींत एलएसपीआयची चाचणी आहे. ‘एसपी’मध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही आहे. २०२५ पासून ‘एसक्यू’ आलं.

दुकानातली काही जुन्या बनावटीची ५डब्ल्यू-४० ऑइलं ‘ए३/बी४’ आणि ‘एसएन’ एवढ्यावरच थांबलेली असतात. जाडी उत्तम, पण ट्यून केलेल्या थेट इंजेक्शनच्या इंजिनाला ती माझ्या हातून जाणार नाहीत. नेक्सॉनच्या १.२ टर्बो-पेट्रोलसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) इंजिनात हा धोका बराच कमी.

आणि ऑइल कितीही चांगलं असलं तरी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १४०० वर पॅडल तळाला टेकवू नका. एक गिअर खाली घ्या.

१०. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. लेव्हलही वाढल्यासारखी दिसते. ऑइल खराब झालं का?

ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. इंजिन थंड असताना हे जास्त होतं, आणि ट्यूनमध्ये मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) केलं असेल तर आणखी. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्यांना हा त्रास सर्वाधिक होतो. आता सगळीकडे मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमुळे छोट्या फेऱ्यांत इथेनॉल आणि पाणीही ऑइलमध्ये साचतं. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसतो तो बहुधा याचाच.

गाडी सपाट जागी, गरम करून, बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक ओढा. स्वच्छ फडक्याने पुसून पुन्हा घालून बघा. मग टोकाचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. वास उग्र असेल आणि थेंबाभोवती फिकट, पसरत जाणारं कडं उमटलं, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. वास हलका असेल तर आठवड्यातून एकदा तासभर हायवेवर चालवा. ऑइल नीट तापलं की बरंचसं पेट्रोल आणि पाणी उडून जातं. लेव्हल दर आठवड्याला वाढतच असेल, तर इंजेक्टर किंवा ट्यूनमध्येच खोट आहे. त्यावर ऑइल हा इलाज नाही.

११. किती किलोमीटरला बदलू?

कंपनीचं अंतर १५,००० असो वा १०,०००, ट्यून केलेल्या गाडीला ५,००० ते ७,५०० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. छोट्या फेऱ्या किंवा पेट्रोलचा वास असेल तर ५,०००. फिल्टर दर वेळी नवा. महागडं ऑइल १५,००० पर्यंत ओढण्यापेक्षा मंजुरीचं मध्यम किमतीचं ऑइल लवकर बदलणं इंजिनाला केव्हाही हितकारक.

१२. घाटातून आल्यावर गाडी एक-दोन मिनिटं चालू ठेवावी लागते का?

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो आणि पेट्रोल इंजिनाच्या एग्झॉस्टचा वायू ९५० अंशांपर्यंत जातो. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बोच्या धातूतली उष्णता बेअरिंगमध्ये शिरत राहते. तिथलं ऑइल जळून कोळशासारखा थर बसतो. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचा थंडावा असतो, कित्येकांत इंजिन बंद झाल्यावरही चालणारा छोटा विजेचा पंप असतो. त्यामुळे शहरात शिरून सिग्नलवरून घरी आलात तर वेगळं थांबायची गरज नाही. खंबाटकी जोरात चढून लगेच वरच्या ढाब्यावर थांबणार असाल, तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवण्यापेक्षा हे चांगलं.

१३. फुल सिंथेटिकच हवं का? आणि एस्टरवालं?

फुल सिंथेटिक हवंच. मिनरल आणि सेमी सिंथेटिक टर्बोच्या उष्णतेला लवकर करपतात. एस्टर हा सिंथेटिक ऑइलच्या मूळ तेलाचा एक प्रकार; एस्टरवालं घ्या किंवा नका घेऊ, मंजुरी असली म्हणजे झालं. निव्वळ रेसिंगसाठी बनवलेल्या एस्टर ऑइलांवर बऱ्याचदा गाडी कंपनीची एकही मंजुरी नसते. ती वारंवार बदलण्यासाठीच असतात, रोजच्या गाडीत सहा महिने ठेवायला नाहीत.

१४. माझी डिझेल आहे, रिमॅप केलेली. वरचंच सगळं लागू का?

एचटीएचएस आणि लवकर बदलण्याचं लागू, एलएसपीआयचं नाही. डिझेलमध्ये प्रश्न काजळीचा. ट्यूनने धूर वाढला की काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होण्याऐवजी जाड होत जातं.

तुमच्या गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल (एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांना तो सर्रास असतो), तर कमी राखेचं ऑइलच घाला: ‘सी३’ किंवा ‘व्हीडब्ल्यू ५०७ ००’ सारखी मंजुरी. ‘ए३/बी४’ ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि जाळूनही जात नाही. शिवाय डीपीएफ स्वच्छ करताना गाडी जादा डिझेल मारते, ते ऑइलमध्ये उतरतं. ते चक्र अर्ध्यावर गाडी बंद करून तोडू नका. ट्रकवालं १५डब्ल्यू-४० स्वस्त मिळतं म्हणून कारमध्ये घालू नये.

१५. इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट ट्यून केली आहे. सगळे ५डब्ल्यू-४० सांगतात.

ऐकू नका. २०१३ पासून आपल्याकडे आलेल्या या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजून चालतो. फोर्डने त्यासाठी ‘डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी’ या मानकाचं ५डब्ल्यू-२० नेमून दिलंय. बेल्टचं रबर चुकीच्या रसायनांनी आणि ऑइलमधल्या पेट्रोलने फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाची जाळी बुजवतात. तिथून पुढे प्रेशरच मिळत नाही. मंजुरी तीच ठेवा, दर ५,००० ला बदला आणि बेल्ट वेळेआधी तपासून घ्या. बेल्ट ऑइलमध्ये चालणारं कोणतंही इंजिन असो, नियम हाच.

१६. ट्रॅक डेला जातो. १०डब्ल्यू-६० घालू का?

१०डब्ल्यू-६० बीएमडब्ल्यूच्या जुन्या, विशिष्ट एम इंजिनांसाठी नेमलेलं आहे, आणि ती टर्बोचीही नव्हती. तिथून ते ‘भारी ऑइल’ म्हणून पसरलं. कोइंबतूरच्या कारीवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाताना ताजं, मंजुरीचं ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० घाला, लेव्हल वरच्या खुणेला ठेवा आणि दर काही फेऱ्यांनी तापमान बघा. कूलर असूनही १३० च्या वर जात असेल तरच ५डब्ल्यू-५० चा विचार, तोही ट्यूनरशी बोलून. परत आल्यावर ते ऑइल काढून टाका.

१७. गाडी ऑइल खाते. जाड ऑइलने थांबेल?

थोडं कमी होईल, पण कारण तिथेच राहील. कित्येक मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो असं म्हटलेलं असतं. ट्यूननंतर एकदम वाढला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी झडप), टर्बोची सील आणि इंटरकूलरच्या पाइपातलं ऑइल बघा. ऑइलचं नोआक हे बाष्पीभवनाचं प्रमाणही बघा. ‘ए३/बी४’ ला कमाल १३ टक्के असतं. पत्रकात १० च्या खाली दिसलं तर उत्तम.

१८. रस्त्यात लेव्हल कमी झाली आणि तेच ऑइल मिळालं नाही तर?

जवळच्या ग्रेडचं, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं फुल सिंथेटिक घालून घरी या. अर्ध्या लिटरने इंजिनाचं काही बिघडत नाही. कमी ऑइलवर घाट चढल्याने मात्र नक्की बिघडतं. ब्रँड बदलताना आधी इंजिन फ्लश करायची गरज नसते. गरम असताना नीट निथळू द्या, बास. ऑइलमध्ये वेगळं अ‍ॅडिटिव्ह तर अजिबात घालू नका. ऑइलमधली रसायनं एकमेकांना तोलून बसवलेली असतात, वरून ओतलेली बाटली तो तोल बिघडवते.

१९. चांगलं ऑइल घातलं तर वॉरंटी राहील?

मंजुरीच्या ऑइलने वॉरंटीला धक्का लागत नाही. रिमॅपने लागतो, आणि ऑइल कितीही भारी असलं तरी त्याची भरपाई होत नाही. तरीही प्रत्येक बदलाचं बिल, तारीख आणि किलोमीटर जपून ठेवा. गाडी विकताना ट्यून केलेल्या गाडीचा ग्राहक तेच आधी मागतो.

२०. डुप्लिकेट ऑइल कसं ओळखू?

बाहेरून ओळखणं अवघड आहे, म्हणून विकत कुठून घेता याला महत्त्व. अधिकृत वितरक, त्याचं जीएसटी बिल, अख्खं सील, डबा आणि झाकण यांवर जुळणारा बॅच क्रमांक, आणि कंपनीने क्यूआर दिला असेल तर तो तिच्याच अ‍ॅपवर तपासणं. गॅरेजमध्ये डबा स्वतःसमोर उघडून घ्या आणि रिकामा डबा कापून किंवा भोक पाडून मगच टाका. असेच अख्खे डबे पुन्हा भरले जातात.

२१. मी निवडलेलं ऑइल माझ्या गाडीला बरोबर आहे, हे कळणार कसं?

वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून. ऑइल बदलताना सुरुवातीची धार जाऊ द्या, मधल्या धारेतलं थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत घ्या आणि त्यावर किलोमीटर, ऑइलचं नाव, ग्रेड लिहून पाठवा. अहवालात आधी १०० अंशांची जाडी बघा. ४० ग्रेडचं ऑइल १२.५ च्या खाली आलं असेल तर शेजारी पेट्रोलचं प्रमाण बघा. ते जास्त असेल तर अंतर कमी करा. पेट्रोल नगण्य असून जाडी उतरली असेल तर त्या ऑइलचे पॉलिमर तुटतायत, दुसरं ऑइल घ्या. लोखंड रिंग-सिलिंडर आणि कॅमकडून येतं. तांबं आणि शिसं बहुधा बेअरिंगकडून, त्यामुळे ट्यून केलेल्या गाडीत या दोघांवर जास्त नजर हवी. एकाच अहवालाने निष्कर्ष काढू नका. त्याच ऑइलवर, तेवढ्याच किलोमीटरला पुन्हा नमुना पाठवा आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा.